आपल्या नावाची गोळी

"आता द्या," आक्का म्हणाल्या, आणि मी त्यांचीच वाटी, त्यांच्याच परसातल्या दोन मिरच्यांसकट, त्यांच्या हातात दिली.

झालं होतं असं. मुळशी तालुक्यातल्या माले गावच्या शाळेत माझी नेमणूक झाली आणि आक्कांच्या घराला लागून असलेली खोली मला भाड्यानं मिळाली. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी वालाच्या आमटीची वाटी आणून दिली. मी परभणीची. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये हे आमच्याकडेही सांगतात, पण माझ्या नव्या संसारात चहाच्या पुड्याशिवाय काही नव्हतं. मी वाटी लख्ख घासून परत द्यायला गेले. आक्कांनी आधी वाटीत पाहिलं, नंतर माझ्याकडे. मग परसात गेल्या, दोन मिरच्या तोडून वाटीत टाकल्या आणि वाटी माझ्या हातात ठेवली.

"रिकामी वाटी देऊ न्हाई, बाई. आता द्या."

तुमच्याही आळीत अशी एखादी आक्का असेल, आठवून बघा. आमच्या आक्का सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या. भाताची दोन खाचरं, एक म्हैस आणि हाताला सतत कसलातरी उद्योग. त्यांच्या घरातून वाट्या निघायच्या आणि आळीभर हिंडून यायच्या. अळूची भाजी गेली की घावन यायचं, घावन गेलं की कुणाकडची लसणाची चटणी यायची. घरात काहीच नसेल तेव्हा आक्का वाटीत चिमूटभर साखर किंवा मोगऱ्याची दोन फुलं टाकत. मी एकदा चिडवलं, "आक्का, तुमच्या वाटीला एसटीसारखा पास काढायला हवा." त्या म्हणाल्या, "काडा की. पर रिकामी सोडू नगा."

सगळं छान होतं. फक्त या वाट्यांतून भाजीबरोबर गोळ्याही फिरायच्या, एवढंच वाईट होतं.

आमच्या आळीत गोळी ही लोणच्यासारखी वस्तू होती. एकीला गुण आला की तिनं दुसरीला चाखायला दिलीच पाहिजे. कंबरेची गोळी, झोपेची गोळी, 'ती गुलाबी'. आक्कांकडे गोळ्यांचा एक डबा होता आणि त्यात सुया आणि बटणंही असायची. मी शाळेत आरोग्याचा धडा शिकवून यायचे आणि ओट्यावर या बायकांचा दवाखाना भरलेला बघायचे. बोलायचे मी, पण पाटीवरचं पुसायला वेळ लागतो का?

त्या वर्षी आक्कांच्या भाचीच्या मुलीचं लग्न निघालं. त्यांच्या पायांना सूज होती, रक्तदाबही होता. डॉक्टरांनी त्यांना सूज उतरायची गोळी दिलेली, जिनं लघवीवाटे पाणी निघून जातं. पण लग्नात घालायच्या नव्या चपला पायांत जाईनात. समोरच्या नानांना दुसऱ्या डॉक्टरांनी अशीच गोळी दिली होती. नाव वेगळं, रंग वेगळा. नानांनी आमटीच्या रिकाम्या वाटीत ती अख्खी पट्टी घालून वाटी परत केली. रीत पाळली बिचाऱ्यांनी. आक्का सकाळी आपली गोळी घेऊ लागल्या आणि दुपारी नानांची.

सूज उतरली. चपला पायांत गेल्या. लग्नात आक्का पाय पुढे करून बसल्या होत्या.

त्यानंतर मात्र काहीतरी बिघडत गेलं. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. म्हशीची बादली उचलवेना. "छातीत पाखरू फडफडल्यावानी व्हतंय," त्या म्हणायच्या आणि लगेच हसायच्या, "वय झालं, बाई. पाखरू उडायचंच की." मला ते हसणं आवडत नव्हतं.

एका सकाळी त्या मला वाटी द्यायला आल्या आणि उंबऱ्यातच वाटी त्यांच्या हातातून सुटली. दही सगळीकडे सांडलं. आक्का भिंतीला धरून खाली बसल्या. मी मनगट धरलं. नाडी धावायची, मधेच थांबायची, पुन्हा भलत्याच घाईनं सुटायची. त्या मात्र सांडलेल्या दह्याकडे बघत होत्या. "वाटी भरून आनली व्हती वो," म्हणाल्या.

नानांच्या पुतण्याच्या पिकअपमधून आम्ही त्यांना तालुक्याला, पौडच्या दवाखान्यात नेलं. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ठोके वेडेवाकडे निघाले, तशी तिथून लगेच मोठ्या दवाखान्यात हलवलं. रक्त तपासल्यावर डॉक्टरबाई बाहेर आल्या. आक्कांचा मुलगा शहराजवळच्या चांद्याला राहायचा, तोही तोवर धावत आला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पोटॅशियम फार खाली गेलंय. रक्तातला क्षार आहे तो. हृदयाचे ठोके लयीत राहायला तो लागतोच. म्हाताऱ्या माणसांत तो लवकर घसरतो. घरात जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या घेऊन या."

मुलानं डबा आणून टेबलावर उपडा केला. बटणं बाजूला केल्यावर दोन पट्ट्या उरल्या. डॉक्टरबाईंनी दोन्ही शेजारी ठेवल्या. "ही दोन नावं आहेत, काम एकच. पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून गेलं. दुप्पट."

नाना दाराशी उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि हातात चुरगाळत राहिले.

शिरेतून सावकाश पोटॅशियम चढवलं. उशाशी ठोक्यांचं यंत्र होतं. आक्का त्याच्याकडे कोंबडीच्या पिल्लाकडे बघावं तशा बघायच्या. हळूहळू रेघ सरळ लयीत चालू लागली. खरं सांगते, त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून मनसोक्त रडले.

पण खरा पेच घरी आल्यावर होता. मुलानं ठरवलं होतं, आईला चांद्याच्या फ्लॅटवर न्यायचं. आक्कांनी एकदा तो फ्लॅट पाहिला होता.

"चौथ्या मजल्यावर कुनाला वाटी देऊ?" त्या मला म्हणाल्या. "तितं समद्यांची दारं बंद असत्यात."

डॉक्टरबाईंचं म्हणणं होतं की गोळ्या लिहून दिल्या तेवढ्याच घेतल्या आणि वेळेवर रक्त तपासलं, तर आजी खुशाल आपल्या घरी राहू देत. मुलगा मान हलवत मला म्हणायचा, "बाई, गोळ्यांचं सोडा. आयुष्यात आई कुणाला नाही म्हणालीय का? कुणी काही वाटीत घालून दिलं की ती घेणार." महिनाभर बघू, मग नेऊ, असं तो म्हणाला आणि रजा काढून राहिला.

त्या महिन्यात आळीनं प्रेमानं कहर केला. केळ्यात आणि शहाळ्यात पोटॅशियम असतं हे कळल्यावर आक्कांच्या ओट्यावर दुकान लागलं. केळ्यांचे घड, शहाळी, उकडलेली रताळी. शेवटी डॉक्टरबाईंनीच फोनवर दम दिला, "केळं खा आजी, पण घड नको. कमी होणं जसं वाईट तसं जास्त होणंही वाईट." मग केळी शाळेत आली. माझ्या वर्गातली पोरं आठवडाभर खूश होती.

आणि मग खालच्या आळीची सखूमावशी आली. वाटीत गरम घावन आणि कडेला कागदात गुंडाळलेली गोळी. गुडघ्याची. मुलगा दारातच उभा होता. मी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर.

आक्कांनी घावन ताटात काढून घेतलं. घरात गेल्या, गुळाचा खडा आणून वाटीत ठेवला. मग ती कागदाची पुडी उचलली आणि गुळाशेजारी ठेवली.

"घावन ठिवते. गोळी तुजी तुला."

"अगं, लई गुनाची हाय. मला चार दिसांत..."

"गुनाचीच आसंल. पर तुज्या नावाची हाय." आक्कांनी वाटी सखूमावशीच्या हातात दिली. "भाजी कुनाचीबी खावी, सखे. गोळी आपल्या नावाचीच खावी."

सखूमावशी रागावली नाही. वाटी रिकामी गेली असती तर रागावली असती. गूळ चघळत ती तिथंच बसली आणि दोघी तासभर तिच्या सुनेवर बोलल्या. संध्याकाळी मुलानं बॅग भरली. मी बघितलं, ती त्याची स्वतःची होती.

ते वाक्य मग गावभर झालं. नानांनी स्वतःची गोळ्यांची पट्टी देवळीत वर ठेवली आणि कुणी मागितली की म्हणायचे, "तुज्या नावाची न्हाई." मीही शाळेतल्या भिंतीवर ते लिहून काढलं. आरोग्याच्या धड्यापेक्षा पोरांना तेच पाठ झालं.

पुढं माझी बदली झाली, मुळशीच्याच दुसऱ्या टोकाला. निघताना आक्कांनी नाचणीच्या लाडवांची वाटी हातात दिली. "वाटी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. परत द्यायला याल." ती वाटी माझ्या मांडणीवर राहिली, आणि शाळेच्या कामात जायचं राहून गेलं.

परवा गेले. वाटीत शेंगदाण्याची परभणीची चटणी भरली, वर ताटली बांधली. आळीत शिरले आणि थबकले. आक्कांच्या दाराला कुलूप होतं. कुलूप मी त्या घराला कधी पाहिलंच नव्हतं. ओटा झाडलेला, म्हैस गोठ्यात नाही. वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरून मी तशीच उभी राहिले.

समोरून नाना आले. मला विचारवेना. त्यांनीच माझं तोंड बघितलं.

"आक्का व्हय? पौडला गेलीया. रगात तपासायचा दिस हाय आज."

"एकट्या?"

"येकलीच. एसटीनं. म्हस माझा पुतन्या चारायला घेऊन गेलाय." नाना हसले. "त्यो रगात घेनारा पोरगा हाय ना, त्याच्याकडं म्हनं रिकाम्या हातानं कसं जायाचं."

"वाटी नेली असेल," मी म्हणाले.

"न्हाई न्हाई," नाना म्हणाले. "डबा नेलाय मोठा. तितं लई मान्सं बसल्याली असत्यात म्हनली."

मी ओट्यावर बसले. वाटी मांडीवर ठेवली आणि दुपारच्या एसटीची वाट बघू लागले.