मधली ओळ
हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. घोंगडीचा वास आला की इंदापूरची ती सभा आठवते. त्याआधी आठवडाभर माळेगावच्या ख्रिस्ती मंडळीत आम्ही बायबलमधली तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, आणि स्तोत्रसंहिता वाचत होतो, कोणते विषय पुन्हा पुन्हा येतात ते शोधत. एका स्तोत्रात सुरुवातीचे विचार शेवटाकडे उलट क्रमाने परत का येतात, हे कोडं मला सुटेना. शेजारी बसलेले तात्या, जन्मभर मेंढरं राखलेले, खांद्यावरची घोंगडी सावरत हळूच म्हणाले, "आवो, चारायला नेताना जी झाडं लागत्यात, तीच घरी येताना उलटी लागत्यात. पाणी मधी असतं. मधली ओळ बघा." सगळा अर्थ तिथंच होता. इंदापूरच्या सभेत बोलताना मी हे माझंच म्हणून सांगितलं. अडाणी मेंढपाळाकडून शिकलो म्हणायची लाज वाटली. लोक भारावले. कुणीतरी समोर बसलेल्या तात्यांना थट्टेनं विचारलं, "तात्या, डोक्यात शिरलं का काय?" माझ्याकडं बघत तात्या म्हणाले, "व्हय, लई ब्येस सांगितलं." मी मान खाली घातली. आता तात्यांना एकट्यानं सभेला येववत नाही, आणि लोक अजून तो दाखला माझाच समजतात. ते जिवंत आहेत तोवर, त्यांना शेजारी बसवून, सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेणं, एवढं देणं मी लागतो.