पत्र्याखालची दोन ग्राफिक्स कार्डं

“आठ पाइपलाइनी हायत म्हणून काय लातूरला रोज पाणी येणार हाय का?” सर ओरडले. तो आवाज औशाच्या किल्ल्यावर आदळून परत आला, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. “पालक येतील, विचारतील कार्डात मेमरी किती. मी म्हणणार एकशे अठ्ठावीस. अन् पलीकडचा क्लासवाला म्हणणार, आमची दोनशे छप्पन्न. खलास!”

सर फिजिक्सचे. औसा रोडला त्यांचा पत्र्याच्या शेडमधला क्लास होता. मी आणि भाई, म्हणजे माझा भागीदार, कॉम्प्युटर जोडून द्यायचो. भाईच्या घरात आजोबांपासून रेडिओदुरुस्ती चालत आलेली. त्यामुळं कुठलंही यंत्र आपल्याला सलाम करतं, असा त्याचा पक्का समज होता.

भूकंपाला तेव्हा दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती. लातूरच्या गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या अशा लागल्या होत्या की भिंत दिसायला पाटी सरकवावी लागे. सर भूकंपातल्या गावचे. त्या पहाटेपासून ते स्लॅबखाली बसले नव्हते. बँकेत गेले तरी दारातच उभे राहायचे आणि मॅनेजरला बाहेर बोलवायचे. लग्नाला गेले की कार्यालयाच्या दारातून अक्षता आणि रस्त्यावर जेवण.

पलीकडच्या क्लासची इमारत तीन मजली, काचेची. त्यांनी सरांना निरोप धाडला होता, आमच्याकडं शिकवायला या, तिसऱ्या मजल्यावर. यंदा बॅच भरली नाही तर जावंच लागणार होतं. म्हणून रविवारी पालकांना बोलावून कॉम्प्युटरवर अख्खी सूर्यमाला फिरवून दाखवायची, शनीच्या कड्यातून आत शिरून पलीकडं निघायचं, असा घाट घातला होता. एवढं चित्र भराभर काढायचं तर दणकट ग्राफिक्स कार्ड पाहिजे. नांदेडच्या व्यापाऱ्यानं दोन दिली होती, लाल डब्यातलं आणि निळ्या डब्यातलं. बघा, एक ठेवा, एक परत करा.

आता लातुरात त्या काळी पोरगी बघायला गेले तरी आधी बारावीचे मार्क विचारत. मग कार्डांना कोण सोडतो! सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली आणि दोन्ही डब्यांवरचे आकडे उतरवून घेतले.

मेमरीत निळं पहिलं आलं. लाल एकशे अठ्ठावीस एमबी, निळं बरोब्बर दुप्पट. सरांनी निळ्याखाली दोन रेघा ओढल्या.

“सर, गोदाम बघून माल घ्यायला लागले का तुम्ही?” भाई उसळला. “गोदाम मोठं, पण दार बारकं हाय त्याचं! निळ्याचं दार चौसष्ट बिटाचं, लालचं एकशे अठ्ठावीसचं. आडतीवर तूर आली, गोदाम रिकामं हाय, पण दारातून एका टायमाला एकच पोतं जातंय. मग गाड्या कुठवर उभ्या राहतील?”

“कुठवर?”

“मुरूडपर्यंत!”

सर हटले नाहीत, पण हातातला खडू थांबला. मग त्यांच्यातला फिजिक्सवाला जागा झाला. लालची मेमरी सेकंदाला सातशे दशलक्ष खेपा करणार, खेपेला सोळा बाइट. म्हणजे अकरा जीबीच्या वर. निळी चारशे दशलक्ष, खेपेला आठ. म्हणजे तीनच्या थोडं पुढं. मग चित्राचे ठिपके. लालची घड्याळगती चारशे मेगाहर्ट्झ, ठिपके भरणारे हमाल, म्हणजे त्या पाइपलाइनी, आठ. निळ्याची अडीचशे, हमाल चार. लाल सेकंदाला तीन अब्ज वीस कोटी ठिपके भरणार, निळं एक अब्ज. कागदावर लाल तिपटीनं पुढं! सरांनी निळ्याखालच्या दोन्ही रेघा पुसल्या आणि लालच्या डोक्यावर ‘प्रथम’ असं लिहिलं. निळ्याचा डबा मी कोपऱ्यात सरकवला. नापास पोराकडं सगळे जसं बघतात, तसंच आम्ही त्याच्याकडं बघितलं.

रविवारी दुपारी पालक आले. हदगावचे, अहमदपूरचे, बरेचसे औशाकडचे. मे महिना. पत्रा असा तापला होता की वर पापड टाकला असता तर भाजून, वाटीत मोडून खाली आला असता. अंधार पाहिजे म्हणून आम्ही खिडक्यांना पोती लावलेली, म्हणजे होती नव्हती ती हवाही बंद. लालनं मात्र असा गुरू फिरवला, असा शनी फिरवला की हदगावच्या एका शेतकऱ्यानं डोक्यावरची टोपी धरली. कार्डावरचा पंखा घाटात चढणाऱ्या एसटीसारखा किंचाळायला लागला. मग शनीवर हिरवे ठिपके आले, मग चौकटी, आणि शनी जागच्या जागी थिजला.

“तापलंय,” भाई कुजबुजला. “निळं आण. त्याला पंखाच न्हाई, गार व्हायला नुसत्या पट्ट्या हायत. कमी काम करतंय, कमी तापतंय.”

दोन्हींचं सॉफ्टवेअर त्यानं आधीच भरून ठेवलं होतं. आम्ही कॉम्प्युटरचा डबा उघडून कार्ड बदलायला लागलो. शेडमध्ये नुसती पत्र्याची कडकड. सर घाम पुसत उभे. तेवढ्यात अहमदपूरच्या एका गृहस्थानं विचारलं, “सर, लई गरम होतंय हो. पोरं वर्षभर हितंच बसणार का? पलीकडं चांगली स्लॅबची बिल्डिंग हाय की.”

सर सरळ म्हणाले, “मी स्लॅबखाली बसत न्हाई. मला हुत न्हाई ते.”

मी हातातला स्क्रू तसाच धरून बसलो. संपलं म्हटलं.

मागून एक बाई उठल्या, औशाकडच्या. “आमचं पोरगं बी न्हाई बसत,” त्या म्हणाल्या. “भूकंपाच्या टायमाला सहा वर्साचं हुतं. पलीकडच्या क्लासात जिन्यातूनच माघारी आलं. त्याचं नाव घ्या तुमच्याकडं.”

त्यांच्याशेजारच्या दोघांनी मान हलवली. एकानं पोराला पुढं ढकललं.

तोवर निळं बसलं होतं. सूर्यमाला सुरू झाली, पण नांगराच्या बैलासारखी, दोन पावलं टाकायची, थांबायचं. शनीच्या कड्यातून पलीकडं निघेपर्यंत चहा येऊन, पिऊन, कप परत गेले. थांबली मात्र नाही. तो हदगावचा शेतकरी म्हणाला, “आता बरोबर फिरायलीय. मघाशी लई पळायली होती.”

पालक गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. फळ्यावर लालच्या डोक्यावरचं ‘प्रथम’ तसंच होतं. मी दोन्ही डबे सरांपुढं ठेवले आणि म्हणालो, “सर, इतिहास घडला! अब्जांचा हिशेब एकीकडं अन् लातूरचा पत्रा एकीकडं! ह्याच्यावर पोथी लिहायला पाहिजे. आता सांगा, नांदेडला कोणतं परत करायचं?”

“लाल. अन् फळा पुसून घ्या, सकाळी बॅच हाय.”