उजव्या बाजूची खुर्ची

गेल्या रविवारी सकाळी माझी नेहमीची खुर्ची हलवलेली दिसली. चामराजपुरममधल्या एका घरी आम्ही सहाजण दर रविवारी जॅझची एक तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. यजमान मेटगळ्ळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर आहेत. तबकडी पुसताना ते श्वास रोखून धरतात. आमचे मोबाइल ते तांदळाच्या रिकाम्या डब्यात ठेवायला लावतात. मध्येच कुणी बोललं, तर एवढंच म्हणतात, "सुम्ने बसा सार, तो अजून वाजवतोय."

माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येऊ लागलं आहे. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आदल्या रविवारी ड्रमवर फिरणाऱ्या ब्रशचं सगळ्यांनी कौतुक केलं. मला तो ऐकूच आला नव्हता. आता हे शेवटचं, असं ठरवून मी गेलो होतो.

खुर्ची आता समोरच्या भिंतीपाशी होती. तिथं बसल्यावर माझा उजवा कान स्पीकरकडे आला.

"इथं का हलवली?" मी विचारलं.

"तिकडं ऊन येतंय की सार."

खिडकीचे पडदे ओढलेले होते. तबकडीच्या दोन्ही बाजू संपेपर्यंत ब्रशचा आवाज मला ऐकू येत होता.