मामाने लिफ्ट बघून पेन्शन निवडली

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि राहायचा मात्र चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शेजारी चेष्टा करायचे, तेव्हा तो म्हणायचा, "दिवसभर लिफ्टमध्येच असतो, घरी तरी जिना चढू द्या की!" त्याच्या धंद्यातले लोक त्याला उस्ताद म्हणत. त्याच्या शर्टाच्या बाहीला ग्रीसचा वास यायचा. तो वास मला आजही कुठल्या इमारतीत आला की मी पायरीवर दोन क्षण थांबते.

माझी शाळा आणि कॉलेज मामाच्याच घरी झालं. मामी म्हणजे पायाला भिंगरी. सकाळी बाजार, दुपारी लायब्ररी, संध्याकाळी कुणाचं तरी भांडण सोडवायला. बोलायला तिखट, पण गल्लीतलं कुठलंही काम तिच्यावाचून अडायचं. मग तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिने बंद केले, आणि चौथ्या मजल्यावरच्या माणसाला जिने बंद म्हणजे जगच बंद. वर्षातून दोनदा तपासणीसाठी मामा आणि खालचा शिंपी तिला खुर्चीत बसवून उतरवायचे. एरवी ती खिडकीतून पिशवी सोडून भाजी वर घ्यायची आणि भाजीवाल्याशी वरूनच भाव करायची.

मामाला एकच ध्यास होता. साठाव्या वर्षी निवृत्त झालं की तळमजल्यावर घर घ्यायचं. पेन्शनमधला काही भाग एकदम हातात मिळणार होता आणि बाकीची पेन्शन महिन्याला.

मामा चोपन्न वर्षांचा असताना कंपनीतून जाड पाकीट आलं. पेन्शनचे नियम बदलले होते. पैसे गुंतवणाऱ्या पाच फंड कंपन्यांपैकी एक प्रत्येकाने स्वतः निवडायची आणि आपले किती पैसे शेअरमध्ये जातील, किती रोख्यांत, तेही स्वतःच ठरवायचं. मुदत एक महिना. मी तेव्हा नुकती एका विम्याच्या ऑफिसात लागले होते, त्यामुळे घरातली अर्थतज्ज्ञ मीच. मी रात्रंदिवस आकडे मांडले. निष्कर्ष सोपा निघाला आणि वाईटही. सगळं सुरक्षित रोख्यांत ठेवलं तर म्हातारपणी पोट भरेल, पण घर होणार नाही. सगळं शेअरमध्ये टाकलं तर घर होईलही, किंवा पोटाचेही वांधे होतील.

"अहो, सरळ रोख्यांत टाका," मामी म्हणाली. "माझ्या गुडघ्यांपायी तुमचं म्हातारपण पणाला लावू नका."

"तू गप्प बस. गुडघे तुझे असले तरी जिना माझा आहे," मामा म्हणाला. त्याला राग आला की तो असंच काहीतरी बोलायचा, ज्याचा अर्थ त्यालाही सांगता येत नसे.

मी त्याच्यापुढे पाचही कंपन्यांचा दहा वर्षांचा परतावा ठेवला. त्याने कागद चष्म्याजवळ नेला, परत ठेवला. "कागदावर सगळ्याच लिफ्ट वर जातात," तो म्हणाला. "मी जाऊन बघणार."

आणि खरंच त्याने रजा टाकली. ठेवणीतला शर्ट घातला आणि मला बरोबर घेतलं. पहिल्या कंपनीच्या इमारतीत संगमरवर होता, कारंजं होतं. मामा थेट लिफ्टमध्ये शिरला, भिंतीवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. आमच्याबरोबर दोन टायवाले होते, त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अकराव्या मजल्यावर दार उघडलं, तसा मामा मला म्हणाला, "चल, खाली. थांबताना हिसका देते. ब्रेक झिजलेत आणि आरसे नवे लावलेत. यांच्या हातात पैसे द्यायचे नाहीत."

"मामा, अरे निदान आत जाऊन बोल तरी!"

"बोलणं काय, सगळेच गोड बोलतात."

दोन दिवसांत चार कंपन्या अशाच नापास झाल्या. पाचवी जुन्या इमारतीत होती. लिफ्ट लाकडी, हळू, पण थांबली ते कळलंही नाही. आत देखभालीचं कार्ड लावलेलं होतं. दर महिन्याची सही, एकही महिना चुकलेला नाही. मामा गच्चीवरच्या मशीन रूमपर्यंत जाऊन आला. खाली आला तो फुलून. "जमीन झाडलेली आहे गं! जिथे कुणी बघायला येत नाही तिथे झाडलेलं आहे." त्याने तिथेच फॉर्म भरला. निम्मे शेअर, निम्मे रोखे. निम्मे का, तर लिफ्टच्या डब्याला तोलणारं मागचं वजन काढताना डबा निम्मा भरलेला असेल असं धरतात म्हणून. "पूर्ण भरलेला धरला तर रिकामा डबा आवरत नाही, आणि रिकामा धरला तर भरलेला," तो म्हणाला. परतावा मधला होता, खर्चही कमी, म्हणून मी कुरकुर केली नाही. खरं सांगायचं तर मलाही तोपर्यंत ते पटायला लागलं होतं.

दोन वर्षं बरी गेली. मग बाजार कोसळला. सहा महिन्यांत मामाच्या पैशांतला चौथा हिस्सा गेला. कामावरचे सगळे फॉर्म बदलून रोख्यांत पळाले. मामीने भाजीवाल्याशी भाव करणंही सोडलं, म्हणजे प्रकरण गंभीर. मामा चौकशीला त्या जुन्या इमारतीत गेला.

संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर हा तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बसलेला.

"काय रे, दम लागला?"

"तिथे लिफ्टचं काम करणारा भेटला. ओळखीचा निघाला," तो म्हणाला. "इमारत फंडवाल्यांची नाहीच. एका म्हातारीची आहे. लिफ्ट ती सांभाळते, मशीन रूम ती झाडून घेते. हे फंडवाले नुसते भाडेकरू." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आपण पेन्शन घरमालकिणीला बघून दिली गं."

मला हसू फुटलं. मग त्याचा चेहरा बघितला आणि मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. तीस वर्षं हजारो माणसांचे जीव ज्या हातावर विसंबून वरखाली झाले, त्या हाताने पहिल्यांदाच चूक केली होती, आणि ती नेमकी मामीच्या बाबतीत. इतकं खचलेलं मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

त्याला वाटत होतं मामीला सांगू नये. मी म्हटलं, सांगायचं. त्याने सांगितलं. मामीने ऐकून घेतलं आणि इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावायची वेळ आली. "माणसं बघायची सोडून लिफ्ट बघत फिरलात! आणि ही शहाणी बरोबर!"

त्यानंतर तीन रविवार आम्ही तिघं बसलो आणि आधी जे वाचायला हवं होतं ते वाचलं. सगळ्या कंपन्यांचे अहवाल, खर्च, पैसे कोण गुंतवतं, किती वर्षं गुंतवतं. मामा एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायचा आणि मला येत नसेल तर मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारून यायची. चित्र हळूहळू स्पष्ट झालं. आमची कंपनी वाईट नव्हती. निम्मे शेअर ठेवणाऱ्या सगळ्यांचंच तेवढं नुकसान झालं होतं. संगमरवरवाल्यांचं तर जास्त, आणि खर्च म्हणाल तर चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. म्हणजे मामाने चुकीच्या कारणाने बरी निवड केली होती. प्रश्न एवढाच उरला, की आता पळायचं की थांबायचं.

"दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की माणसं दार फाकवून उडी मारतात," मामा म्हणाला. "मरतात ती तीच. आत बसून राहिलेला माणूस मेलेला मी बघितला नाही."

"मामा, ही लिफ्ट नाही," मी म्हटलं. मला ते म्हणणं भागच होतं. "हे खरंच वर येणार नाही, असंही होऊ शकतं."

"माहितीय. आता माहितीय."

तो मामीकडे वळला. इतकी वर्षं त्याने तिला विचारलं नव्हतं, तिच्यासाठी करत होता तरी. "तू सांग," तो म्हणाला.

मामीने टेबलावरचे कागद सारखे केले. "थांबू या," ती म्हणाली. "नाही झालं घर, तर खिडकी आहेच की माझी. पण उगाच खोटं सांगणार नाही. मला खाली जायचंय."

थांबलो. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. मामा मला रोज बाजाराचं विचारायचा आणि मी रोज कानावर हात ठेवायची. मग आकडे हळूहळू सावरले. शेवटची दोन वर्षं मामाने दर सहा महिन्यांनी थोडे थोडे पैसे रोख्यांत वळवले. मजला जवळ आला की वेग कमी करायचा असतो, हे मात्र त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. मनात होतं तेवढं मोठं घर झालं नाही. दीड खोली झाली. पण तळमजल्यावर, दार थेट फुटपाथवर उघडणारी.

मामाला जाऊन आता सहा वर्षं झाली. त्याची आठवण आली की मला त्या घरातली पहिल्या आठवड्यातली गोष्टच आठवते. मी सामान लावायला मदत करायला गेले होते, तर मामा दाराबाहेर पायरीवर बसलेला. दाराला कुलूप. मामीचे गुडघे गेल्यापासून आमच्या घराला दिवसाढवळ्या कुलूप मी बघितलंच नव्हतं, कारण मामी घरात असायचीच.

"किल्ली विसरलास?"

"किल्ली तिच्याकडे आहे."

"कधीपासून बसलायस?"

"झाले दोन तास."

मी म्हटलं, मी तिला शोधून आणते. त्याने माझा हात धरून मला शेजारी बसवलं. समोरून एक ओळखीचा माणूस चालला होता. त्याने विचारलं, काय उस्ताद, बाहेर का बसलात? मामाने गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"बायको घरी नाही! फिरायला गेलीय!"