आयोडीनमामांची लाळ

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले शिपाई म्हणजे आयोडीनमामा. आयोडीनने बोटं कायमची तपकिरी, म्हणून हे नाव. ठेवलं कोणी ते विचारू नका. मी तेव्हा तिथेच कारकून होतो.

परीक्षानळ्या विसळणं हे मामांचं काम, पण अभिमान भलत्याच गोष्टीचा. स्वतःच्या लाळेचा! दरवर्षी विज्ञानाच्या बाई मक्याच्या पिठाच्या पातळ पेजेत आयोडीन टाकायच्या. पेज निळीशार. मग त्यात मामांची लाळ पडली, की दहा मिनिटांत निळा रंग गायब. तीस वर्षं मामांचीच लाळ. “पोरांच्या तोंडात सदा गोळ्या, त्यांचा काय भरवसा?” असं वर म्हणायचे.

त्या वर्षी मामा निवृत्त होणार होते. त्यांना आणखी दोन वर्षं ठेवायचं का, हे मुख्याध्यापक तपासनिसांच्या भेटीनंतर ठरवणार होते. तपासनीस आले, पुढच्या बाकावर बसले. मामांनी आधीच भरून ठेवलेली नळी बाईंनी पेजेत ओतली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. पेज निळी ती निळीच.

मामा माझ्या कानाशी लागले. “अहो, वय झालं की लाळही म्हातारी होते का हो?”

“होते ना. आधी लाळ, मग दात.” नाही राहवलं मला.

बाईंनी विचारलं, “मामा, आज काही वेगळं केलंत?”

“छे हो! उलट जास्त काळजी घेतली. ही म्हणाली, परक्या माणसांपुढे उष्टं काय ठेवता, निदान उकळून तरी घ्या. मग दिव्यावर धरून चांगली खळखळ उकळली.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, लाळेत विकर असतं. तेच पेजेतल्या स्टार्चचे भराभर तुकडे पाडतं. तुम्ही ते उकडून टाकलंत.”

“पण तुम्हीच सांगता ना, की विकर काम करून संपत नाही? मग गेलं कुठे? नळी तर भरलेली होती!”

“गेलं नाही, तिथेच आहे. पण उकडलेलं अंडं परत कच्चं होतं का? तसा त्याचा आकार बिघडला. आता त्याच्याने काम होत नाही.”

मामांनी रिकाम्या नळीचा तळ उजेडाकडे धरला, तिरका करून पाहिला. बिघडलेलं काहीच दिसेना.

“आता ताजी द्या,” बाई म्हणाल्या. सगळ्या वर्गासमोर मामांचं तोंड कोरडं ठाक. “लिंबू चोखताय असं समजा,” मी सुचवलं. तेवढं पुण्य माझ्या खात्यावर आहे. दुसरी पेज दहा मिनिटांत निवळली. तपासनीस म्हणाले, “दोन्ही शेजारी ठेवा. दरवर्षी अशाच दाखवा.” आणि मुख्याध्यापकांनी मामांकडे बघून मान डोलावली.

मामा दोन वर्षं राहिले, पण ते अंड्याचं काही त्यांच्या नीट गळी उतरलं नाही. प्रयोगाच्या दिवशी ते चहा पार गार करून प्यायचे.

“अहो, तोंडात काही उकळत नाही!” मामी करवादायच्या.

“तुझं ऐकून एकदा उकडली तेवढी पुरे,” म्हणत मामा साय धरलेल्या कपात बोट बुडवून बघत बसायचे.