दम्याच्या परीक्षेत अब्बा पास

आमचे अब्बा अमरावतीत गाद्या भरायचे. कापूस पिंजणं हा घरचाच धंदा. नापिकीच्या त्या वर्षांत वलगावकडचे शेतकरी नवी गादी शिवेनात. कापूस पिकवणारीच माणसं, पण घरातली जुनी गादी उसवून आणायची आणि तोच कापूस पुन्हा पिंजून मागायची. त्यात वर्षानुवर्षांची धूळ. अब्बांना खोकला लागला तो थांबेना. दवाखान्यात नळीत फुंकायला लावलं की मात्र फुंक ठणठणीत! परक्यापुढे कमीपणा घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, श्वासनळ्या किती नाजूक झाल्यात ते तपासू. औषधाची वाफ थोडी थोडी वाढवत ओढायची, दर वेळी फुंकायचं. फुंक कमी पडली तर दमा. त्या सकाळी चहा नाही, दवाखान्यातून मिळालेला तोंडात मारायचा श्वासाचा पंपही नाही. आणि दमा निघाला तर पिंजणं बंद.

"म्हणजे रोग हाय का ते पाहासाठी रोग आणून राह्यले?" अब्बांनी मला विचारलं.

तपासणीला मी सोबत गेले. शेवटच्या मात्रेपर्यंत अब्बा तसूभर हटले नाहीत. तपासणाऱ्या बाई अभिनंदन करायच्या बेतात होत्या, तेवढ्यात अब्बा खुशीत बोलून गेले, "पंपाची कमाल हाय बाई. निंगताना दोनदा मारला होता."

बाईंनी कपाळावर हात मारला. मी घरी येईपर्यंत हसत होते. दम्याच्या परीक्षेत कॉपी करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले. अब्बा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या खेपेला मी आदल्या दिवशीच पंप काढून माझ्या पर्समध्ये ठेवला. तिसऱ्या मात्रेलाच अब्बांची फुंक पडली. छातीतून शिटी वाजायला लागली, डोळे मला शोधू लागले. बाईंनी लगेच औषध दिलं. थोड्या वेळात श्वास मोकळा झाला, पण माझी मस्करी कुठल्या कुठे गेली होती.

"पंप तुयाजवळच होता नं?" अब्बांनी विचारलं.

"हो, अब्बा."

"मंग मले तूच नापास केलं."

ते हसत होते. मी पंप त्यांच्या हातावर ठेवला. माफी मागावीशी वाटली, पण नेमकी कशाची, ते मला कळेना.