आमच्या गल्लीची पॉसी

शनिवारी जेवण झाल्यावर आई शतपावली करायला बाहेर पडली आणि दोन तास परतलीच नाही. सापडली, हे आधीच सांगून टाकते… उगाच कुणी घाबरून फोन करू नका.

आईला नाशिकहून इथे इंग्लंडमध्ये, रीडिंगला येऊन चारच दिवस झाले होते. मी ऑफिसच्या एका सॉफ्टवेअर रिलीजसाठी लॅपटॉपला चिकटलेली. पावणेतीनला मान वर केली तर घर शांत, आणि आईचा फोन चार्जरला लावलेला. आमच्या भागातली सगळी घरं लाल विटांची, एकसारखी… पहिल्या महिन्यात मीच दोनदा भलत्या दाराला किल्ली लावली होती.

आधी एकटीच तीन गल्ल्या पळत पालथ्या घातल्या. मग नाइलाजाने आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला.

ग्रुपचं नाव 'द पॉसी'. शेजारच्या ग्रॅहमनी ठेवलंय, ते निवृत्त इतिहासशिक्षक. मी राहायला आले तेव्हा हा शब्द शोधून पाहिला होता, मला न कळलेलं नाव तसंच सोडवत नाही. मूळ लॅटिन, अर्थ शक्य असणं, बळ असणं. पूर्वी इंग्लंडमधल्या परगण्याचा शेरीफ गरज पडली की पंधरा वर्षांवरच्या सगळ्या धडधाकट पुरुषांना हत्यारांसकट बोलवायचा… ती माणसं म्हणजे पॉसी. पुढे शब्द अमेरिकेला गेला, घोड्यावर बसला, दरोडेखोरांच्या मागे लागला. मग रॅप गाणाऱ्यांची टोळी, आणि आता नुसता मित्रांचा घोळका.

मी ग्रॅहमना विचारलं होतं, "पण आपल्याकडे हत्यारं कुठायत?" म्हणाले, "आहेत की. प्रत्येकाकडे कचऱ्याच्या दोन-दोन व्हीली बिन आहेत."

त्यानंतर मी ग्रुप म्यूट केला आणि दोन वर्षं एक शब्द लिहिला नाही. बिन कोणत्या वारी बाहेर ठेवायच्या, पार्सल कुणाचं… माझा काय संबंध?

तर माझा पहिला मेसेज हा, अगदी बग रिपोर्टसारखा. आई हरवली आहे, वय ६३, उंची पाच फूट एक, जांभळा पंजाबी ड्रेस, पांढरे बूट, १:२० ला निघाली, फोन नाही, इंग्रजी जुजबी. 

सहा मिनिटांत दारात नऊ माणसं. ग्रॅहम काठी घेऊन, एक जण भर उन्हात टॉर्च घेऊन, समोरची सँड्रा कुत्रा घेऊन. मी मॅपवर भाग पाडून दिले. "मग शेरीफ, मी नदीकडे जातो," ग्रॅहम म्हणाले. नदीच्या बाजूचा मी विचारच केला नव्हता. करवला नव्हता.

वीस मिनिटांनी सँड्राचा फोटो आला. कौन्सिल भाज्या लावायला जमिनीचे तुकडे देतं ना, त्या अलॉटमेंटमध्ये आई उलट्या क्रेटवर बसलेली. शेजारी एक अनोळखी इंग्रज आजोबा, आणि मध्ये हिरव्या पानांचा ढीग.

मी धावत पोचले, मागोमाग बाकीचेही. "बरं झालं आलीस," आई म्हणाली, "अगं, चाकवत! एवढा कोवळा चाकवत, आणि हे तण म्हणून उपटून टाकत होते. मी म्हटलं, नो नो, ईट, ईट!"

"आई, दोन तास झाले."

"मग? निवडायला वेळ लागतो." तेवढ्यात तिला माझ्या मागची माणसं दिसली. "आणि ही कोण गं एवढी?"

"तुला शोधायला आलीत."

आईने मांडीवरची पानं झटकली. मग म्हणाली, "आणि त्यांना उन्हात उभं काय केलंयस? चहाला आण घरी."

माझ्या घरी कप चार. लोक आपापले मग घेऊन आले. आईने चाकवताची ताकातली भाजी केली, आणि ग्रॅहमनी शब्दाचा उरलेला इतिहास सांगितला. चोरी झाली की गावात हाकाटी व्हायची, ती ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकून धावायचं, असा कायदाच होता. गाव धावलं नाही तर दंड सगळ्या गावाला.

ऐकता ऐकता मी ग्रुपचे जुने मेसेज चाळत होते. फेब्रुवारीत सँड्राने लिहिलं होतं, कुत्रा पार्कमधून पळालाय, कुणी येईल का? खाली सात जणांचे 'आलोच'. त्या दिवशी मी घरीच होते, रस्ता ओलांडला की तिचं दार.

तिला तसं सांगितलं. "अगं, तो शेडखाली झोपला होता," ती म्हणाली, "सोड ते. भाजी उरलीय का?"

तोंडावर आभार मानणं मला जमत नाही. त्या नऊ जणांना मराठी येत नाही, म्हणूनच इथे नीट लिहिते… आता कसला कायदा नाही, दंड नाही, तरी तुम्ही आलात. मी मनापासून आभारी आहे.